रेझ्युमेतून गायब झालेला साखर कारखाना

पावसाळा ओसरू लागला की माझ्या फोनवर पीडीएफ यायला लागतात. कुणी भाच्याचा मित्र असतो, कुणी सोसायटीतल्या कुणाच्या मेव्हण्याची मुलगी. मजकूर ठरलेला: "काकू, इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी अर्ज करतोय, रेझ्युमे जरा बघता का?" मी मुंबईत मर्चंट बँकर होते. सुरुवात नरिमन पॉइंटला झाली, शेवट बीकेसीत, आणि मधली बरीच वर्षं नवीन मुलांची निवड करणाऱ्यांत मी बसत असे. त्यामुळे बघते. शब्द जरा चकचकीत करून मिळतील, अशी मुलांची अपेक्षा असते. मी त्यांना सांगते की शब्दांना हातच लावू नका. तुम्ही जे खरं केलंत ते कुठेतरी दडवून ठेवलंय, ते आधी शोधा.

गेल्या वर्षीचंच बघा. मुलगा सांगली जिल्ह्यातला, सीए इंटर झालेला, आर्टिकलशिप तिथल्याच एका फर्ममध्ये. रेझ्युमेच्या वरच्या भागात पैसे भरून केलेली एक 'व्हर्च्युअल इंटर्नशिप', तिच्यात एका अमेरिकी कंपनीचं मूल्यांकन. त्याखाली दोन ऑनलाइन सर्टिफिकेटं. मग कॉलेजच्या फायनान्स क्लबचं सहसचिवपद. आणि तळाशी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखी एक ओळ: विविध क्लायंट्सच्या वैधानिक ऑडिटमध्ये साहाय्य. मी विचारलं, "क्लायंट कोण रे?" म्हणाला, "काही विशेष नाही मॅडम, साखर कारखाने."

मी अमेरिकी कंपनी बाजूला सारली आणि कारखान्याचं विचारत बसले. पोरगा खुलला. ऊस येतो नोव्हेंबरपासून पाचेक महिने. साखर तेवढ्यातच तयार होते, पण विकायची मात्र वर्षभर, तीही केंद्र सरकार दर महिन्याला जेवढा कोटा सोडेल तेवढीच. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, मात्र कायद्याने 14 दिवसांत द्यायची. 2024-25 च्या हंगामात ती 10.25 टक्के साखर-उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होती. पैसे जायचे आत्ता, यायचे पुढच्या दिवाळीपर्यंत हप्त्याहप्त्याने. मधली खिंड बँक लढवते, गोदामातली साखर तारण घेऊन. म्हणून 31 मार्चच्या ताळेबंदात कारखाना कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला दिसतो आणि सप्टेंबरअखेर तोच कारखाना बऱ्यापैकी सावरलेला दिसतो. गोदामात पोत्यांच्या थप्प्या मोजायला हा मुलगा स्वतः उभा राहिला होता. साठ्याची किंमत लावताना उत्पादन खर्च आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांतली कमी असेल ती धरायची, हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. साखरेची किमान विक्री किंमत 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरली आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिली. दरम्यान उत्पादन खर्च वर चढत गेला. अशा वेळी त्या एका ओळीवरून संचालक आणि ऑडिटर यांची कशी जुंपते, हेही त्याने पाहिलेलं होतं.

आता बँकरच्या खुर्चीतून ऐका. कंपनीची किंमत काढताना निव्वळ कर्ज वजा करावं लागतं. हंगामी धंद्यात ते कोणत्या तारखेचं धरायचं? मार्चचं धरलं तर विकणाऱ्यावर अन्याय, सप्टेंबरचं धरलं तर विकत घेणाऱ्यावर. हा प्रश्न मी चांगल्या चांगल्या बिझनेस स्कूलच्या मुलांना मुलाखतीत घातला आहे. बहुतेक जण ताळेबंदावर असेल तो आकडा उचलतात आणि पुढे जातात. सांगलीच्या मुलाला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बारा महिन्यांची सरासरी काढावी लागेल, मॅडम. पण कारखाना तुम्हाला मार्चचा आकडा आधी दाखवणारच नाही." हे उत्तर ज्याच्याकडे आहे त्याच्या रेझ्युमेत ते का नाही? कारण साखर म्हटलं की गावाकडचं वाटतं आणि अमेरिकी कंपनी म्हटलं की बीकेसीतलं वाटतं, असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं.

आम्ही ती एक ओळ तीन ओळींची केली. कारखान्याची दैनंदिन गाळप क्षमता किती, ऑडिटच्या चमूत माणसं किती, साठा किती लाख पोत्यांचा, त्यातली मोजणी कुणी केली, तारण कर्जाचा ताळा महिनावार लावला की वर्षअखेर एकदाच. कारखान्याचं नाव घातलं नाही, आणि ते घालायचंही नसतं. क्लायंटची माहिती ही आर्टिकलशिपमधली विश्वासाची ठेव असते. मुलाखतीत एखादा उमेदवार उत्साहाच्या भरात क्लायंटचं नाव आणि त्याचा नफा बोलून गेला, की टेबलापलीकडच्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार हा येतो की हा उद्या आमच्या डीलबद्दल लोकलमध्ये बोलेल. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या डीलबद्दल असं बोलणं म्हणजे नुसतं नोकरीवर बेतणारं काम नाही, सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगविषयक नियमांशी गाठ असते.

व्हर्च्युअल इंटर्नशिप आम्ही काढून टाकली. मुलगा हळहळला, पैसे गेले होते. पण त्या कार्यक्रमात प्रत्येकाला तीच कंपनी, तीच एक्सेल फाइल आणि शेवटी तेच उत्तर देतात. अशा फायली मी एका हंगामात इतक्या पाहते की त्या कंपनीचा वाढीचा दर मला पाठ झालाय.

आपल्याकडच्या रेझ्युमेच्या साच्याबद्दलही बोललं पाहिजे. राज्यातल्या कितीतरी कॉमर्स कॉलेजांतून अजूनही जो नमुना मुलांच्या हाती ठेवला जातो तो वधूवर सूचक मंडळात नोंदवायच्या कागदासारखा असतो: कोपऱ्यात फोटो, वडिलांचं संपूर्ण नाव, जन्मतारीख, अविवाहित, छंद वाचन आणि संगीत ऐकणे, आणि तळाशी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' असं लिहून ठिकाण, दिनांक, सही. एका पानातली पाव जागा यातच गेली. वर 'ऑब्जेक्टिव्ह' नावाचा परिच्छेद असतो, त्यात उमेदवाराला आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा आणि संस्थेचा विकास करायचा असतो. हे सगळं निर्दयपणे कापा. अलीकडे या जुन्या साच्याच्या जोडीला चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या रेझ्युमेचा नवा साचा आला आहे. त्यात विशीतला मुलगा सगळीकडे 'स्पिअरहेड' करत असतो आणि कसलं ना कसलं 'लिव्हरेज' करत असतो. जुन्या साच्यातून निदान वडिलांचं नाव तरी कळायचं.

पान एकच, हा नियम मुलांना जाचक वाटतो. तो का आहे ते सांगते. रात्री अकराला दुसऱ्याच कामातून डोकं वर काढलेला एखादा असोसिएट या पीडीएफ चाळत असतो. तो कॉलेज बघतो, गुण बघतो, आधी कुठे काम केलं ते बघतो, आणि मग एखाद्या ओळीवर नजर अडकली तर थांबतो. अर्ध्या मिनिटात पुढचा. दुसऱ्या पानापर्यंत कुणी जात नाही. शिक्षण अलीकडून मागे, कामही अलीकडून मागे, मुंबई विद्यापीठाचा सीजीपीए असेल तर तो दहापैकी आहे हे स्पष्ट, आणि कोटी, लाख, मिलियन यांची खिचडी कुठेही नको. एकदा कोटी म्हटलं की शेवटपर्यंत कोटी.

टंकलेखनाच्या चुकांना या धंद्यात माफी का नाही, हे ॲनालिस्टच्या कामाशीच जोडलेलं आहे. पहिली दोन-तीन वर्षं ॲनालिस्ट करतो काय? कंपन्यांपुढे मांडायचं पिचबुक बनवतो, तुलनात्मक कंपन्यांचे तक्ते भरतो, आणि आयपीओ असेल तर प्रॉस्पेक्टसमधला प्रत्येक आकडा मूळ हिशेबाशी ताडून बघतो. पान 60 वरची उलाढाल आणि पान 300 वरची उलाढाल वेगळी निघाली तर वकील, ऑडिटर आणि सेबी, तिघेही विचारतात. ज्याच्या स्वतःच्या एका पानावर एका ओळीत तारीख '2023-24' आणि दुसरीत '2023 ते 2024' आहे, त्याच्या हाती पाचशे पानं कशी द्यायची? मुलं याला खुसपट म्हणतात. मला तो रेझ्युमेतला एकमेव असा भाग वाटतो जो उमेदवाराचं काम नमुन्यादाखल दाखवतो.

खोट्याबद्दल थोडंसंच. सरसकट खोटं लिहिणारे कमी, फुगवणारे फार. सीएफएची पहिली पातळी पास झालेला मुलगा नावापुढे 'सीएफए लेव्हल वन' असं पदवीसारखं लावतो. सीएफए इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेत ते चालत नाही: अर्धवट पदवी नावाची गोष्टच नाही. पहिली पातळी उत्तीर्ण, असं साधं वाक्य लिहायला परवानगी आहे, आणि पुढच्या परीक्षेला नाव नोंदवलेलं असेल तरच त्या पातळीचा उमेदवार म्हणवता येतं. नीतिशास्त्र हा ज्या अभ्यासक्रमातला विषय आहे त्याचंच नाव चुकीचं लावणं, यात एक विनोद आहे जो मुलाखत घेणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. एटीकेटीचंही तसंच. लागली असेल तर ती रेझ्युमेत जाहीर करायची गरज नाही, पण विचारल्यावर नाही म्हणू नका. नेमणुकीआधी गुणपत्रिका तपासल्या जातात, आणि तेव्हा राहिलेल्या विषयापेक्षा दिलेलं उत्तर महागात पडतं.

फुगवण्याचा दुसरा प्रकार 'ॲनालिसिस' या नावाखाली चालतो. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचं विलीनीकरण एप्रिल 2022 मध्ये जाहीर झालं आणि 1 जुलै 2023 पासून लागू झालं. त्यावरचा प्रकल्प मी इतक्या रेझ्युमेत पाहिला आहे की वाटावं, कॉलेजांनी तो सक्तीचा केलाय. मी एकच प्रश्न विचारते: एचडीएफसीच्या 25 शेअरांमागे बँकेचे 42 शेअर, हे गुणोत्तर आलं कुठून? आणि एचडीएफसीकडे बँकेचे जे सुमारे 21 टक्के शेअर होते त्यांचं विलीनीकरणानंतर काय झालं? ते रद्द झाले, कारण कंपनी स्वतःची मालकीण होऊ शकत नाही. एवढं ज्याला सांगता येतं त्याने प्रकल्प केला आहे. बाकीच्यांनी बातमी वाचली आहे. रेझ्युमेतल्या कुठल्याही ओळीवर लागोपाठ दोन प्रश्न विचारून बघावेत. दुसऱ्या प्रश्नाला तोंड कोरडं पडत असेल तर ती ओळ काढावी, पान अर्धं रिकामं राहिलं तरी.

मग रिकाम्या जागेत लिहायचं काय, असं मुलं विचारतात, आणि हा प्रश्न रास्त आहे. ज्याला इंटर्नशिप मिळाली नाही त्याने काय करावं? माझं उत्तर फुकट आहे आणि म्हणूनच कुणाला आवडत नाही. सेबीच्या संकेतस्थळावर आयपीओला येऊ घातलेल्या कंपन्यांचे कच्चे प्रॉस्पेक्टस, म्हणजे डीआरएचपी, कुणालाही वाचायला मिळतात. चारशे-पाचशे पानं असतात. सगळी वाचायची गरज नाही. पैसा कशासाठी उभारताहेत ते प्रकरण, जोखमींचं प्रकरण, हिशेब, आणि किंमत कशाच्या आधारावर ठरवली ते प्रकरण, एवढं वाचा. त्या शेवटच्या प्रकरणात कंपनीची तुलना कोणत्या नोंदलेल्या कंपन्यांशी केली आहे ते दिलेलं असतं. ती निवड बरोबर आहे का? कुणाला सोयीस्करपणे वगळलंय का? दोन पानांची टिपणी लिहा, एक्सेलमध्ये स्वतःचा तक्ता करा, आणि रेझ्युमेत एका ओळीत तिचा उल्लेख करा.

उदाहरणं घरातलीच आहेत. पुण्याच्या बजाज हाउसिंग फायनान्सचा 6,560 कोटींचा इश्यू सप्टेंबर 2024 मध्ये आला. 70 रुपयांना विकलेला शेअर पहिल्या दिवशी 150 ला उघडला. मग बँकरांनी कंपनीचे पैसे टेबलावर सोडले का? की रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे वरच्या स्तरातल्या वित्तसंस्थांना ठरावीक मुदतीत बाजारात यावंच लागत होतं, म्हणून प्रवर्तकांना किमतीच्या घासाघिशीपेक्षा भरघोस मागणी हवी होती? दुसऱ्या टोकाला नोव्हेंबर 2021 चा पेटीएम: 18,300 कोटींचा इश्यू, 2,150 रुपये किंमत, आणि पहिल्याच दिवशी जवळपास 27 टक्के घसरण. किंवा हिंजवडीची टाटा टेक्नॉलॉजीज, 2023: तीन हजार कोटींहून मोठा इश्यू आणि कंपनीच्या तिजोरीत एक रुपया नाही, कारण सगळीच विक्री जुन्या भागधारकांची. या तिन्ही इश्यूंची तुलना करणारी दोन पानं ज्याने स्वतःच्या डोक्याने लिहिली आहेत, त्याला मी फोन केला असता, कॉलेज कुठलंही असो.

कॉलेज कुठलंही असो, हे मी लिहिलं खरं, पण इथे हात आखडता घेते. मोठ्या बँका ठरावीक आयआयएम आणि मोजक्या संस्थांतून माणसं उचलतात. सांगलीला, जळगावला, परभणीला त्या येत नाहीत, आणि उत्तम रेझ्युमे पाठवला तरी तो ज्या ईमेलवर जातो तो कुणी उघडत नाही अशी दाट शक्यता असते. हा निवडीचा आळस आहे, गुणवत्तेचा शोध नव्हे. आत बसून मी तो वर्षानुवर्षं पाहिला आहे. ही भिंत एका पानाने पडत नाही. मात्र तिच्या कडेला वाट आहे. 2012 पासून बीएसई आणि एनएसईवर छोट्या कंपन्यांसाठी वेगळा एसएमई मंच आहे. तिथले इश्यू छोटे मर्चंट बँकर करतात. त्या इश्यूचं शंभर टक्के अंडररायटिंग लागतं आणि किमान 15 टक्के तरी मर्चंट बँकरने स्वतःच्या खिशातून घ्यायची तयारी ठेवावी लागते. अशा कचेरीत चार-पाच माणसं असतात आणि नवीन पोराला पहिल्या महिन्यापासून सगळ्यात हात घालावा लागतो. या मंचावर गैरप्रकारही झाले, सेबीने नियम कडक केले, तेव्हा कुणाकडे जातो आहोत ते पारखून जावं: त्या बँकरने आधी आणलेल्या इश्यूंचे प्रॉस्पेक्टस काढून वाचले तरी बरंच कळतं. अर्ज करणाऱ्याने सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षा दिलेली असेल तर ती इथे उपयोगी पडते. निदान तिचा अभ्यासक्रम आपल्या देशातल्या नियमांचा आहे.

छोट्या कचेऱ्यांत आणखी एक गोष्ट चालते, ती म्हणजे मराठी. रेझ्युमेत 'भाषा: इंग्रजी, हिंदी, मराठी' एवढं लिहून मुलं मोकळी होतात. पण इचलकरंजीचा यंत्रमाग, चाकणचा सुट्या भागांचा कारखाना, नाशिकची औषधकंपनी यांच्या तपासणीला जाताना सोबतच्या पोराला सातबारा आणि फेरफार वाचता आला, तर वकिलाचा अहवाल येण्याआधीच कळतं की कारखान्याच्या जमिनीवर प्रवर्तकाच्या चुलत्याचं नाव अजून आहे. प्रवर्तकाचे वडील जेवताना काय बोलून जातात, तेही कळतं. हे ज्याला येतं त्याने 'मराठीतली जमिनीची व हिशेबाची कागदपत्रं वाचता येतात' असं पूर्ण वाक्य लिहावं. परदेशी बँकेच्या गोरेगावच्या किंवा खराडीच्या कचेरीत, जिथे काम लंडन-न्यूयॉर्कच्या चमूंसाठी चालतं, तिथे याचा काही उपयोग नाही. तिथे पाठवायच्या प्रतीत ते काढा. एकच पीडीएफ सगळीकडे पाठवणं हा तसाही आळसच.

गणपती मंडळाचं खजिनदारपदही मुलं लाजत लाजत सांगतात, किंवा 'नेतृत्वगुण' या सदरात कोंबतात. मी एका मुलीला खोदून विचारलं. वर्गणी किती, पावतीपुस्तकं किती, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी कुणी आणली, मांडववाल्याची आणि ध्वनिक्षेपकवाल्याची बिलं कशी भागवली, विसर्जनानंतर हिशेब जुळायला किती दिवस लागले. तिला सगळं तोंडपाठ होतं, शिवाय आदल्या वर्षीची जाहिरातदारांकडची थकबाकी तिने वसूल केली होती. ही वसुली रेझ्युमेत गेली, रुपयांच्या आकड्यासकट. नेतृत्वगुण गेले नाहीत.

शेवटी डीआरएचपीकडेच परत येते, कारण तिथे एक दार उघडं आहे ज्याचा वापर विद्यार्थी करताना मी पाहिलेला नाही. मुख्य बाजारात येणाऱ्या कंपनीचा कच्चा प्रॉस्पेक्टस किमान 21 दिवस लोकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवावा लागतो. कुणीही नागरिक त्यातली विसंगती, लपवलेली गोष्ट, न पटणारी तुलना लेखी कळवू शकतो, आणि मुदत संपल्यावर मर्चंट बँकरला सेबीकडे कळवावं लागतं की अभिप्राय कोणते आले आणि त्यावरून मसुद्यात काय बदललं. एखाद्या तृतीय वर्षाच्या मुलीने असा एक मुद्देसूद अभिप्राय पाठवला, आणि तो कधी, कशाबद्दल, एवढं तारखेसकट रेझ्युमेच्या एका ओळीत लिहिलं, तर ती पीडीएफ चाळणाऱ्या असोसिएटला झोप उडवून वाचावी लागेल. कदाचित तो मसुदा त्यानेच केलेला असेल.